कमी मार्कांचं काय सांगायचं?

(पहिल्या पिढीतल्या पदवीधरांसाठी घेतलेल्या एका ऑनलाइन सत्रातील भाषणाचा संपादित मजकूर)



या सत्राआधी तुम्ही लिहून पाठवलेले प्रश्न मी काल रात्री वाचत बसले होते. कुणी हैदराबादहून लिहिलंय, कुणी भोपाळहून, कुणी दिल्लीत मुखर्जीनगरच्या खोलीतून, कुणी यवतमाळच्या गावातून. पदव्या वेगळ्या, जिल्हे वेगळे. पण जवळपास प्रत्येक प्रश्नाचा शेवट एकच आहे: "मॅडम, मला पदवीला मार्क कमी आहेत. तरी चालेल का?"

हे 'तरी चालेल का' मला फार ओळखीचं आहे. मला मेकॅनिकल इंजिनिअरिंगला शेवटी ५४ टक्के पडले. त्यात एक इयर डाऊन. एम-थ्री हा गणिताचा विषय तिसऱ्या प्रयत्नात निघाला. त्यानंतर दोन वर्षं मी एमबीएचा फॉर्म उघडायची, 'पदवीचे गुण' या रकान्यापर्यंत यायची आणि बंद करायची. कुणी मला नकार दिला नव्हता. मीच स्वतःला नकार देत होते. आपल्या किती मुलामुलींचे अर्ज असे फेटाळले जाण्याआधीच संपतात, याची नोंद कुठल्याही संस्थेकडे नसते.

म्हणून आज मला एकच गोष्ट सांगायची आहे. कमी मार्क म्हणजे एक जुना पुरावा आहे, तो खोडता येत नाही. पण त्याच्या शेजारी नवा पुरावा ठेवता येतो, आणि दोन्हींबद्दल ताठ मानेने बोलता येतं. बाकी सगळं मी या एका गोष्टीभोवतीच सांगणार आहे.

'चालेल का' या एका प्रश्नात खरं तर तीन प्रश्न आहेत. एक, नियमाने मी पात्र आहे का? दोन, निवडीच्या हिशेबात माझे मार्क किती वजनाचे आहेत? तीन, समोरच्याने विचारलं तर मी काय सांगू? आपण या तिघांची खिचडी करतो आणि त्यातून एक चौथाच प्रश्न तयार होतो, 'मी लायक आहे का?' तो कुठल्याही फॉर्मवर छापलेला नसतो. तो आपल्याला शाळेपासून शिकवलेला असतो. तो बाजूला ठेवू आणि तीन खरे प्रश्न घेऊ.

पहिला, पात्रता. आयआयएमसाठीच्या कॅट परीक्षेला बसायला पदवीला ५० टक्के लागतात. अनुसूचित जाती, जमाती आणि दिव्यांग उमेदवारांना ४५. ओबीसी नॉन-क्रीमीलेअर आणि ईडब्ल्यूएस यांना खुल्या प्रवर्गासारखेच ५०. शेवटच्या वर्षाला असलेलेही बसू शकतात. सीजीपीए असेल तर तुमच्या विद्यापीठाचं जे सूत्र असेल त्यानेच टक्के काढायचे. विद्यापीठाचं सूत्रच नसेल तर मिळालेल्या सीजीपीएला कमाल सीजीपीएने भागून शंभराने गुणायचं. शेजारच्या मित्राच्या विद्यापीठाचं सूत्र वापरू नका, आणि टक्के फुगवून तर अजिबात लिहू नका. प्रवेशाच्या वेळी मूळ कागद तपासतात. खरे ५१ तुम्हाला आत नेऊ शकतात. खोटे ५८ आत गेल्यावरही बाहेर काढू शकतात.

म्हणजे ४९ किंवा ५२ टक्केवाला अनुसूचित जातीचा मुलगा जेव्हा मला विचारतो 'चालेल का', तेव्हा त्याचं उत्तर नियमात आधीच आहे. चालतं. ही मेहरबानी नाही. केंद्रीय शिक्षणसंस्थांमधल्या प्रवेशाच्या आरक्षणाचा कायदा २००६ चा आहे. १५ टक्के जागा अनुसूचित जातींना, साडेसात टक्के जमातींना, २७ टक्के ओबीसींना. त्यातला ओबीसींचा वाटा तर सर्वोच्च न्यायालयात लढून २००८ मध्ये टिकला. कोल्हापुरात शाहू महाराजांनी १९०२ मध्ये ५० टक्के जागा राखून ठेवल्या, तिथून ही वाट आली आहे. त्या वाटेवर चालताना 'तरी चालेल का' असं विचारायचं कारण नाही.

पण नियम हातात घ्यायचा तर कागद हातात हवेत. आपली मुलं अभ्यासात कमी आणि कागदात जास्त अडकतात, हे मी दरवर्षी बघते. केंद्रीय संस्थांसाठी जातीचा दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. ओबीसींचं नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्र चालू आर्थिक वर्षातलं, म्हणजे १ एप्रिलनंतर काढलेलं हवं, आणि जात केंद्राच्या यादीत हवी, फक्त राज्याच्या यादीत असून भागत नाही. बौद्ध मित्रमैत्रिणींनो, १९९० च्या दुरुस्तीपासून धर्मांतरित बौद्धांना केंद्रातही अनुसूचित जातीचे हक्क आहेत; दाखला कोणत्या नमुन्यात हवा ते तहसीलला नीट विचारून घ्या. महाराष्ट्राबाहेर वाढलेल्यांनी एक लक्षात ठेवा. राज्याच्या जागांसाठी एका राज्याचा दाखला दुसऱ्या राज्यात चालत नाही. केंद्रीय संस्थांमध्ये मात्र वडिलांच्या मूळ राज्याच्या यादीप्रमाणे तुमचा हक्क शाबूत असतो. आणि कॅटच्या फॉर्मवर जो प्रवर्ग भरला तो नोंदणीची मुदत संपल्यावर बदलत नाही. 'दाखला नंतर काढू, आत्ता जनरलमधून भरू' असं करू नका.

दुसरा प्रश्न, निवडीचा हिशेब. इथे खोटा धीर देणार नाही. बहुतेक आयआयएममध्ये दहावी, बारावी आणि पदवीच्या मार्कांना काही ना काही वजन असतं. काही ठिकाणी मुलाखतीच्या यादीसाठीच, काही ठिकाणी अंतिम निवडीतही. त्यामुळे कमी मार्कांचा तोटा होतो, हे खरं आहे. पण तो तोटा सगळीकडे सारखा नसतो. प्रत्येक संस्था दरवर्षी आपले निवडीचे निकष वेबसाइटवर जाहीर करते. कशाला किती वजन, प्रत्येक विभागात किमान किती पर्सेंटाइल, कुठल्या प्रवर्गाला किती, सगळं तिथे असतं. आपण ते वाचत नाही. आपण क्लासच्या जाहिराती वाचतो.

एक वही घ्या. वीसेक संस्थांची नावं लिहा. प्रत्येकीपुढे चार रकाने आखा: परीक्षेचं वजन, दहावी-बारावीचं वजन, पदवीचं वजन, कामाच्या अनुभवाचं वजन. एका रविवारचं काम आहे. ते झालं की दिसेल की काही ठिकाणी तुमचा अर्ज जवळपास व्यर्थ आहे आणि काही ठिकाणी चांगला जिवंत आहे. आपल्यातल्या अनेकांना दहावीला चांगले मार्क असतात. मराठी माध्यमात, गावच्या शाळेत ८०-८५ टक्के, आणि मग शहरात, इंग्रजीत, पदवीला घसरगुंडी. मग ज्या संस्था दहावी-बारावीलाही मोजतात तिथे ते जुने मार्क तुमच्या बाजूने बोलतात. बंगळुरूच्या आयआयएमच्या सूत्रात कामाच्या अनुभवालाही गुण असतात. नोकरी केली असेल तर तो रकाना रिकामा नाही.

महाराष्ट्राच्या एमबीए सीईटीत तर गणित आणखी सोपं आहे. कॅप फेरीची गुणवत्ता यादी सीईटीच्या गुणांवर लागते. पदवीचे मार्क पात्रतेपुरते, म्हणजे ५० टक्के, राज्यातल्या मागास प्रवर्गांना आणि दिव्यांगांना ४५, आणि दोघांचे गुण बरोबरीत आले तर. मुंबईचं जमनालाल बजाज, सिडनहॅमची व्यवस्थापन संस्था या याच वाटेवर आहेत. तिथे ५४ टक्केवाली आणि ८४ टक्केवाली एकाच रेषेवरून धावायला सुरुवात करतात. फक्त जात पडताळणीचं प्रमाणपत्र वेळेत हवं. ते काढायला लागणारे महिने तुमच्या अभ्यासाच्या महिन्यांइतकेच महत्त्वाचे समजा.

आता नवा पुरावा म्हणजे काय? पहिला पुरावा परीक्षेचा. कॅटमध्ये आता १२० मिनिटं असतात, तीन विभाग, प्रत्येकी ४० मिनिटं. इंग्रजी उताऱ्यांचा विभाग आपल्याला सगळ्यात जास्त रडवतो. त्याला शॉर्टकट नाही. रोज एक लांब इंग्रजी लेख, एक वर्षभर. मी पहिल्यांदा बसले तेव्हा ७१ पर्सेंटाइल आले. दुसऱ्यांदा ८६. फरक क्लासचा नव्हता. कंपनीच्या बसमध्ये जाता-येता रोज दीड तास मिळायचा, तो मी वाचनाला दिला.

दुसरा पुरावा कामाचा. मी चाकणला गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात स्टोअरला होते. तिथे बिन कार्डावर लिहिलेला साठा आणि रॅकमधला साठा कधी जुळायचा नाही. वर्षातून एकदा सगळं बंद ठेवून मोजणी व्हायची आणि मग आरडाओरडा. मी दर शनिवारी थोड्या-थोड्या पार्टची मोजणी सुरू केली. कुणी सांगितलं नव्हतं. वर्षअखेरीस माझ्या रॅकांचा फरक जवळजवळ संपला होता. तेव्हा मला वाटायचं, यात काय विशेष. व्यवस्थापन म्हणजे हेच, हे मला पुढे कळलं. तुमच्यातल्या कुणी वडिलांच्या टपरीची उधारी सांभाळली असेल, कुणी बचतगटाचा हिशेब लिहिला असेल, कुणी जयंतीच्या वर्गणीचा पै-पैचा हिशेब बोर्डावर लावला असेल. ते सगळं पुरावा आहे. फक्त ते आकड्यात आणि स्वतःच्या शब्दात सांगता आलं पाहिजे.

तिसरा पुरावा अभ्यासाचा. ज्या विषयात पडलात त्याच विषयाकडे परत जा. एनपीटीईएलचे कोर्स फुकट बघता येतात. थोडी फी भरून केंद्रावर परीक्षा देता येते, त्याचं प्रमाणपत्र मिळतं. गणितात नापास झालेल्या माणसाने चार वर्षांनी संख्याशास्त्राचा कोर्स चांगल्या गुणांनी पूर्ण केला, तर वाचणाऱ्याला समजतं की काहीतरी बदललंय.

आता तिसरा प्रश्न, ज्याच्यासाठी खरं तर मी आज आले आहे. मुलाखतीत विचारतात, "तुमचे मार्क इतके कमी का?"

माझ्या दोन मुलाखती सांगते. पहिल्या वर्षी मला एका संस्थेचा कॉल आला. समोर तीन जण. एकाने मार्कशीट उलटी-सुलटी केली आणि म्हणाला, "एम-थ्री दोनदा फेल?" मी सगळं सांगायला लागले. बुलढाणा जिल्ह्यातलं गाव, आईची मजुरी, वडिलांचं आजारपण, होस्टेलची फी, कॉलेजने फ्रीशिप आली नाही म्हणून अडवलेली मार्कशीट. सांगता सांगता रडले. सगळं खरं होतं. त्यांनी पाण्याचा ग्लास पुढे केला, अतिशय प्रेमाने बोलले, आणि निवड केली नाही. बाहेर आल्यावर मला नकारापेक्षा वेगळ्याच गोष्टीची लाज वाटत होती. माझ्या आईचं आयुष्य मी तीन अनोळखी माणसांपुढे मार्कांच्या बदल्यात मांडलं होतं, आणि त्यांनी ते घेतलंही नव्हतं.

त्या वर्षभर मी एकच विचार केला. त्यांनी प्रश्न विचारला होता एम-थ्रीबद्दल. मी उत्तर दिलं होतं गरिबीबद्दल. एम-थ्री मला तेव्हाही येत नव्हतं.

दुसऱ्या वर्षी, वेगळी संस्था, तोच प्रश्न. यावेळी मी म्हणाले, "दहावीपर्यंत मी मराठी माध्यमात होते. पहिल्या दोन वर्षांत मला इंग्रजीतून शिकवलेलं गणित कळत नव्हतं आणि ते विचारण्याची हिंमत नव्हती. हिंमत नव्हती ही माझी चूक. फी थकल्यामुळे एक सेमिस्टर वर्गात बसता आलं नाही, ती माझी चूक नाही. नंतर मी तो विषय पुन्हा शिकले. तुम्ही विचारू शकता." त्यांनी विचारलं, लाप्लास ट्रान्सफॉर्म कशासाठी वापरतात? मी सांगितलं, अवघड डिफरन्शियल समीकरण साध्या बीजगणितात बदलायचं, तिथे सोडवायचं आणि उत्तर घेऊन परत यायचं. एक उदाहरण कागदावर सोडवून दाखवलं. मग गप्पा चाकणच्या स्टोअरवर गेल्या आणि तिथेच मुलाखत संपली. माझी निवड झाली.

या दोन उत्तरांमधला फरक नीट बघा. दुसऱ्या उत्तरातही माझी परिस्थिती होती, मी ती लपवली नाही. पण ती एका वाक्यात होती, वस्तुस्थिती म्हणून. खुलासा आणि माफी यांत फरक आहे. माफी मागणारा समोरच्याला न्यायाधीश करतो. खुलासा देणारा समोरच्याला माहिती देतो. तुमचं उत्तर तीन भागांत बसवा. काय झालं, एका-दोन वाक्यांत. त्यात माझा भाग किती आणि परिस्थितीचा किती, प्रामाणिकपणे. आणि त्यानंतर मी काय केलं, पुराव्यासकट. सगळं मिळून एक मिनिट. आरशासमोर नको, एखाद्या मैत्रिणीसमोर पन्नास वेळा म्हणा, आवाज कापायचा थांबेपर्यंत. आणि ज्या विषयात मार्क कमी आहेत, त्यातले दोन विषय असे तयार ठेवा की मध्यरात्री उठवून विचारलं तरी सांगता येतील.

सगळी चूक स्वतःवर घेऊ नका, हेही तितकंच महत्त्वाचं. 'मी सीरियस नव्हते, मस्ती केली' असं खोटं उत्तर देणारी मुलं मी पाहिली आहेत. त्यांना कुणीतरी सांगितलेलं असतं की परिस्थिती सांगितली तर रडगाणं वाटेल. वर्गात मागे बसवलेली, होस्टेलमध्ये आडनावावरून बोलणी खाल्लेली, स्कॉलरशिपच्या खिडकीवर दिवस घालवलेली मुलगी जर म्हणाली की मी मस्ती केली, तर ती व्यवस्थेचा गुन्हा स्वतःच्या नावावर लिहून देते. तेही करू नका.

बाबासाहेबांचं उदाहरण तुम्ही सगळे देता. मॅट्रिकला, १९०७ मध्ये, त्यांना ७५० पैकी २८२ गुण होते. आपल्याकडे हे 'बाबासाहेबांनाही कमी मार्क होते' असं सांगून टाळ्या घेतात. मला त्यातलं वेगळं काही महत्त्वाचं वाटतं. त्यांना संस्कृत शिकायचं होतं. ते अस्पृश्य म्हणून नाकारलं गेलं आणि पर्शियन घ्यावी लागली. म्हणजे २८२ या आकड्यात मुलाची बुद्धी किती आणि शाळेचा धर्म किती, हे आकडा सांगत नाही. दुसरं, कृष्णाजी अर्जुन केळुसकरांनी या मुलाला चर्नी रोडच्या बागेत पुस्तक वाचताना पाहिलं होतं. त्यांनी गुणपत्रिकेकडे नाही, वाचणाऱ्या मुलाकडे पाहिलं. मॅट्रिकच्या सत्काराला स्वतः लिहिलेलं बुद्धचरित्र भेट दिलं आणि पुढे सयाजीराव गायकवाडांपर्यंत त्याची शिफारस नेली. आणि तिसरं, १९१३ मध्ये कोलंबियाला पोचल्यावर बाबासाहेब जुन्या गुणांचा खुलासा करत बसले नाहीत. नवा पुरावा उभा करत गेले. १९१५ ला एम.ए., पुढे लंडनहून १९२३ ला डी.एस्सी., तीही रुपयाच्या प्रश्नावर. त्यांच्या त्या जुन्या आकड्याबद्दल आज कुणी त्यांना जाब विचारत नाही.

केळुसकर गुरुजींसारखं माणूस शोधा. तुमचं काम जवळून पाहिलेले सुपरवायझर, एखाद्या विषयाचे प्राध्यापक, जे तुमच्याबद्दल चार ठोस ओळी लिहू शकतील. मोठ्या हुद्द्याचा पण तुम्हाला न ओळखणारा माणूस काही कामाचा नाही. सवर्ण घरातल्या मुलाला असा माणूस मामाच्या रूपात, काकाच्या रूपात घरातच सापडतो. आपल्याला तो शोधावा लागतो. म्हणून आपण एकमेकांसाठी तो माणूस व्हायला हवं. मी आज इथे आहे ती यासाठीच.

आता पैशांबद्दल, कारण घरात शेवटचा प्रश्न तोच असतो. जुन्या आयआयएमची दोन वर्षांची फी वीस लाखांच्या पुढे आहे. आकडा ऐकून घरचे गप्प होतात. पण अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी केंद्र सरकारची टॉप क्लास एज्युकेशन शिष्यवृत्ती आहे. कुटुंबाचं उत्पन्न ८ लाखांपर्यंत असेल तर आयआयएमसारख्या सरकारी संस्थेची पूर्ण शिकवणी फी त्यात बसते. जागा संस्थेनिहाय मर्यादित असतात, म्हणून प्रवेश मिळाल्याच्या दिवशीच चौकशी करा. जमाती आणि ओबीसींसाठी अशाच स्वतंत्र योजना आहेत, उत्पन्नाच्या अटी वेगळ्या आहेत. २०२४ च्या नोव्हेंबरमध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेत निवडक संस्थांसाठी तारण आणि जामीनदार न मागता कर्ज मिळतं. आणि दिल्ली विद्यापीठाच्या एफएमएससारखी ठिकाणं आहेत, जिथे कॅटमधूनच प्रवेश आहे आणि फी जुन्या आयआयएमच्या तुलनेत अगदी किरकोळ आहे.

एक ठिकाण मात्र असं आहे जिथे कमी मार्क खरोखर दार बंद करतात, ते सांगते. परदेशी शिक्षणाच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपला ६० टक्क्यांची अट आहे. मास्टर्सला जायचं तर पदवीला ६० लागतात. पीएचडीला जायचं तर मास्टर्सला. म्हणजे ५४ टक्केवाल्याने इथे चांगली मास्टर्स केली तर पुढचं दार पुन्हा उघडतं. बंद दाराची माहितीही वेळेत असलेली बरी.

आणि एक धोका. निकालाच्या दिवसांत तुम्हाला फोन येतील. "मॅनेजमेंट कोट्यातून डायरेक्ट ॲडमिशन, मार्कांचं टेन्शन नाही, फक्त आज बुकिंग अमाउंट भरा." हे लोक नेमके कमी मार्कवाल्यांना गाठतात, कारण आपल्या मनातली भीती त्यांना माहीत असते. शेत विकून, दागिने मोडून अशा ठिकाणी पैसे भरलेली घरं मी पाहिली आहेत. ज्या संस्थेला तुमच्या मार्कांशी काहीच देणंघेणं नाही, तिला बहुधा तुमच्या शिक्षणाशीही नसतं. एआयसीटीईची मान्यता बघा, गेल्या वर्षीच्या मुलांना स्वतः फोन करा, फी परत करण्याचा नियम वाचा. एक वर्ष थांबून पुन्हा परीक्षा देणं यापेक्षा कितीतरी स्वस्त आहे.

आत गेल्यावर सगळं संपत नाही, हेही सांगते. माझ्या पहिल्या आठवड्यात जेवणाच्या रांगेत एकाने सहज विचारलं, "तुझा पर्सेंटाइल किती?" कॅम्पसवर हा प्रश्न म्हणजे जात विचारण्याची सभ्य पद्धत आहे. मी आकडा सांगितला. खरा. तो गप्प झाला, मी भात वाढून घेतला. पुढच्या दोन वर्षांत तो माझ्याच गटात ऑपरेशन्सचा प्रोजेक्ट करत होता आणि साठ्याच्या मोजणीचा भाग मलाच विचारत होता. त्याचं मत बदललं की नाही मला माहीत नाही. मी त्यासाठी तिथे गेले नव्हते.

शेवटचं. माझ्या पहिल्या सेमिस्टरची मार्कशीट आली तेव्हा त्यात सहापैकी चार विषयांत नापास होते. मी ती घरी ट्रंकेत लपवली. वडिलांना ती सापडली. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. विद्यापीठाचा शिक्का आणि त्यावर लेकीचं नाव एवढं त्यांना कळलं. ते तालुक्याला गेले आणि ती लॅमिनेट करून आणली. आमच्या घरात लॅमिनेट झालेला तो पहिला कागद. आयआयएमच्या प्रवेशाला कागद तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "मूळ कागद असे लॅमिनेट करत नाहीत हो." मी म्हटलं, हो, माहीत आहे आता. त्यांनी सगळं पान नीट वाचलं, चारही लाल शेरे वाचले, आणि यादीत बरोबरची खूण केली.

तेवढंच करायचं आहे. मार्कशीट लपवायची नाही, तिच्याबद्दल रडायचं नाही. बाकीच्या कागदांच्या चळतीत तिला तिच्या जागी ठेवायची आणि चळत वाढवत राहायची. या रविवारी वही घेऊन बसा. वीस संस्था, चार रकाने. पुढच्या वेळी मला प्रश्न पाठवाल तेव्हा 'तरी चालेल का' असं लिहू नका. 'मी अर्ज भरतेय, हा रकाना कसा भरू' असं लिहा. मी उत्तर देईन.

जय भीम. जय सावित्री.